कडब्याविना भाकरी

गेल्या दिवाळीत आम्ही दोघे पुण्याला मुलीकडे गेलो होतो. एका संध्याकाळी जावयांनी आम्हांला मोठ्या हौसेने एका ‘सेंद्रिय’ उपाहारगृहात नेले. सारवलेल्या भिंती, कंदिलाच्या आकाराचे दिवे आणि पळसाच्या पत्रावळीवर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा. येथे प्लॅस्टिक वापरत नाहीत, उष्ट्याखरकट्याचे खत करतात आणि धान्य थेट शेतकऱ्याकडून येते, असे पदार्थांच्या यादीखाली छापले होते. खरे सांगायचे तर आमच्या मनात प्रथम थट्टाच आली. खामगावला पाहुण्यांपुढे जे जेवण वाढायला आमच्या घरी संकोच वाटे, त्याच जेवणासाठी येथे अर्धा तास ताटकळायचे!

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला थट्टेचा वारसाही आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. त्या शीर्षकामागची कथा त्या रात्री आम्हांला निराळ्या अर्थाने आठवली. मूठभर पोह्यांना द्वारकेत मोल आले, कारण ते कोणी आणले हे कृष्णाला ठाऊक होते. आमच्या पत्रावळीवरची भाकरीही कोणा सुदाम्याकडूनच आली असणार. पण ‘थेट शेतकऱ्याकडून’ या शब्दांपलीकडे त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या भागात पत्रावळ म्हटली की शेगाव आठवते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले, ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथामुळे हा प्रसंग घरोघरी पोहोचला आहे. आजही महाराजांच्या नैवेद्यात पिठले-भाकरी आणि अंबाडीची भाजी असते. भक्त त्याचा अर्थ आपल्या परीने लावतील. आम्हांला त्यात एक साधी गोष्ट दिसते: पंगत उठल्यावर मागे काय उरते, तिकडे कोणी तरी पाहिले. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तेव्हा सरकारलाही तिकडेच पाहावे लागले.

तरीही आम्ही जुन्या जेवणाचे गोडवे गाणार नाही. आमच्या लहानपणी ज्वारी ही आवड नव्हती. दुसरे काही नसे म्हणून ती होती. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुण्याला. १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, त्याची भाकरी थापताना तुटे आणि आई मुकाट्याने तुकडे जुळवी. पहाटेचे जाते, चुलीचा धूर, भाकरी थापून दुखणारे मनगट, हे सारे सोसणाऱ्या बाईला कोणी ‘पर्यावरणस्नेही’ म्हटले असते तर ती हसली असती. गॅस आला, गिरणी आली, याचे आम्हांला समाधानच आहे.

पुण्याहून परतल्यावर आम्ही शेतावर गेलो. चिखलीच्या बाजूला आमचे चार एकर आहे. नोकरीमुळे वर्षानुवर्षे मक्त्याने दिलेले. तेथे सोयाबीन असते. मक्तेदाराला आम्ही पुण्यातल्या भाकरीची किंमत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “सर, जवारी पेरली तं पाखरं राखाले मानूस कुठून आनू? रानडुकरं येगळेच. अन् कडबा खाईन कोन? ढोरं तं इकली.”

त्याचे शेवटचे वाक्य आमच्यासोबत घरी आले. साहित्य शिकवण्यात आमचा जन्म गेला, पण भाकरीचा अर्थ लावताना आम्ही कडबा विसरलो होतो. ज्वारी एकाच ताटावर माणसाला दाणा आणि बैलाला वैरण देते. वैरण असली की गोठा भरलेला, गोठा भरलेला की शेणखत, आणि शेणखत असले की जमीन रासायनिक खताच्या पोत्यावाचूनही काही पिकवते. सोयाबीन हाती पैसा देते, म्हणून शेतकऱ्याने ते धरले. त्यात त्याची चूक नाही. पण सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा घेत नाही. कडबा गेला, बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि खत विकत घ्यावे लागले. ‘सेंद्रिय’ हा शब्द पत्रावळीपासून नव्हे, गोठ्यापासून सुरू होतो.

शिवाय प्रमाणपत्र मिळवायचे तर जमिनीला साधारण दोन ते तीन वर्षे रसायनाविना ठेवावे लागते. त्या काळात उत्पन्न घटण्याची धास्ती असते आणि माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकताही येत नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आमचा बुलढाणाही होता. अशा जिल्ह्यातल्या माणसाने ही वर्षे कोणाच्या भरवशावर काढायची? आम्ही मात्र दरवर्षी मक्ता मोजून घेत होतो, आणि वर पुण्यातल्या भाकरीवर हसत होतो.

म्हणून आम्ही त्याला सांगितले, एका एकरात ज्वारी पेर. तीन वर्षे त्या एकराचा मक्ता नको, कडबाही तुझाच. त्याने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, “राखन कोन करीन?” आम्ही निवृत्त आहोत, असे उत्तर दिले.

यंदा मृगात पेरणी झाली. आता कणसे भरत आहेत आणि आम्ही सकाळी आळीपाळीने मचाणावर बसतो. आमच्या गोफणीला पाखरे फारशी भीत नाहीत. त्यांनी आपला वाटा घेतला आहे. मक्तेदाराने एक गाय आणली आहे. एका गायीने जमीन सुधारत नाही, हे त्यालाही कळते आणि आम्हांलाही.

पुण्याला गेलो की त्या उपाहारगृहात आम्ही पुन्हा जाऊ. जेवण चांगले होते, आणि तेथील पत्रावळ, खताचा खड्डा या गोष्टी खोट्या नव्हत्या. फक्त या खेपेस मालकांना एवढे विचारू, की या भाकरीचा कडबा कोणाच्या गोठ्यात गेला.