दीड सूत

आमच्या जिल्ह्याचं नाव बीड, आणि ओतीव लोखंडालाही मराठीत बीडच म्हणतात. या दोन बिडांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. तसल्या व्युत्पत्त्या पारावर फुकट मिळतात! पण बिडाचा तवा, बिडाचा पंप, बिडाची पुली हे शब्द लहानपणी कानावर पडले की मला वाटायचं, या सगळ्या वस्तू आपल्याच जिल्ह्यात तयार होत असणार. पुढे कळलं की आपल्याकडे त्या तयार होत नाहीत, आपल्याकडे त्या दुरुस्त होतात. आणि दुरुस्ती हेही एक काम आहे, कदाचित जास्त अवघड काम. त्यातल्याच एका छोट्याशा दुरुस्तीबद्दल आज लिहायचंय.

आमच्या घरी अण्णांची एक जीप आहे. 1988 सालची, डिझेलची. गाव केज तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराकडेला. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती 2025 च्या 17 सप्टेंबरला, यावरून आमच्याकडच्या दळणवळणाची कल्पना यावी. एस.टी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात कुणाला काही झालं तर अण्णांची जीप. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 साली सुरू झालं, ते आमच्या भागाचं मोठं नशीब. पण दवाखाना असणं वेगळं आणि तिथवर वेळेत पोहोचणं वेगळं. आसपासच्या वाड्यांतल्या कितीतरी अडलेल्या बायका अण्णांनी रात्री-अपरात्री तिथे नेल्या. बाळंतपणाच्या खेपेचे पैसे ते घेत नसत. "डिझेल टाका म्हणलं तर टाकतेत, न्हाई तर न्हाई," एवढाच त्यांचा हिशोब.

सात-आठ वर्षांपासून जीप गोठ्याशेजारी उभी होती. गेल्या वर्षी दादाने विषय काढला, की भंगारात देऊन टाकू. त्याचं चुकीचं होतं असं नाही. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, तपासणी, कर, आणि चालवणार कोण? अण्णा ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "एकदा चालू करा. मग विका नाही तर मोडा." दादा म्हणाला, "ठीक. तपासणीला स्वतःच्या चाकांवर गेली तर राहू द्या, टोचन करून न्यावी लागली तर तिथूनच भंगारात." झालं, असं ठरलं.

मी आणि माझा चुलतभाऊ कामाला लागलो. इंजिनाचा ब्लॉक मूळचाच ठेवायचा हे पहिल्यांदा ठरवलं, कारण त्यावरचा नंबर गाडीच्या कागदांवर असतो आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत परवानगीशिवाय असे बदल करू देत नाही. बाकी मात्र जुळवाजुळव. बोअर करून घेतला, पिस्टन नवे, हेड दुसऱ्या एका मोडलेल्या जीपचं, अल्टरनेटर तिसऱ्याच गाडीचा, पाण्याचा पंप बाजारातून नवा. थोडक्यात काय, बारा गावचे वऱ्हाडी एका मांडवात!

सगळं बसलं. अडलं ते एका पुलीवर.

ज्यांनी बॉनेट उघडून कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात डिझेल जळतं त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते. तेवढीच धुराबरोबर जाते आणि तेवढीच पाण्यात उतरते. हे तापलेलं पाणी रेडिएटरकडे ढकलायचं काम पंपाचं. पंपाच्या तोंडावर पुली, पुलीवर पंखा, आणि क्रँकवरून आलेला पट्टा ही पुली फिरवतो. आमची जुनी पुली बोल्टांच्या भोकांजवळ चिरली होती. सुट्या भागांच्या दुकानातून दुसरी आणली. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "याच गाडीची आहे." बसवली तर बसली की! पण इंजिन चालू केलं आणि पट्टा किंचाळायला लागला. दहा मिनिटांत पुलीभोवती रबराची काळी भुकटी.

चुलतभाऊ म्हणाला, पट्टा ताणू. अण्णा खुर्चीवर बसून होते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हणाले, "ताणू नका. वाकडा पळायलाय. केजला चाचाकडं न्या."

चाचांचं लेथचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक जुनं लेथ, एक ड्रिल आणि भिंतीला लटकवलेले शंभरेक पट्टे. दसऱ्याच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, कारण ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं त्याच वेळी निघतात. आम्ही गाडी टोचन करूनच नेली (दादा काही बोलला नाही, नुसता हसला). चाचांनी पानाही हातात घेतला नाही. खिशातून एक सूत काढलं, क्रँकच्या पुलीच्या खाचेपासून पंपाच्या पुलीपर्यंत ताणून धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "बेटा, देढ सूत अंदर है."

गंमत बघा, मोजायचं तेही सूत आणि ज्याने मोजलं तेही सूत. कारखान्यातलं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा फरकाने पट्टा दर फेरीला खाचेच्या एका भिंतीवर घासत होता. आणि हा पट्टा खाचेच्या तळाला टेकून ओढत नाही, तो दोन्ही भिंतींत पाचरीसारखा आवळून ओढतो. खाचेचा तळ चकचकीत झालेला दिसला तर समजावं की पट्टा तरी झिजलाय नाही तर खाच तरी.

दुसरं न्यून चाचांनी कॅलिपर लावून दाखवलं. जुनी पुली 125 मिलिमीटरची होती, नवी 110 ची. चुलतभाऊ खूश झाला. "बरंच की! लहान पुली म्हणजे पंप जास्त पळणार, इंजिन जास्त थंड."

इथे अण्णांची शेतातली गोष्ट सांगायलाच हवी.

आमच्या विहिरीवर वीज येण्याआधी पाच अश्वशक्तीचं तेलाचं इंजन होतं, मिनिटाला 1500 फेऱ्यांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, आधी लोखंडी नांगर केले, मग पंप, आणि 1946 पासून त्यांच्या ऑइल इंजिन कंपनीची इंजनं. या साखळीतलं काही ना काही त्या काळी महाराष्ट्रातल्या बहुतेक बागायती गावांत पोहोचलं होतं. इंजनाची पुली आणि पंपाची पुली यांच्या मापावर पंपाचा वेग ठरतो. मोठी मुलं सायकलचा गिअर बदलतात तसे लोक पुल्या बदलायचे. पंपाची पुली लहान केली की पाणी वाढतं, हे सगळ्यांना दिसायचं. पण त्यामागचा हिशोब असा आहे: वेग जितका वाढवाल तितकंच पाणी वाढतं, पाणी चढवायची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग वीस टक्के वाढवला की पाणी वीस टक्के जास्त, आणि इंजनावरचा बोजा मात्र त्र्याहत्तर टक्के जास्त. अण्णांना हे गणित माहीत नव्हतं, पण धूर काळा झाला की ते ओळखायचे. शेजाऱ्यांनी पुल्या बदलल्या तेव्हाही अण्णांनी बदलली नाही. म्हणायचे, "पंप पाणी करत नसतो. आहे ते हलवतो."

हे वाक्य मला तेव्हा साधं वाटलं होतं. आता आमच्याकडची बोअरची खोली फुटांत शेकड्यांनी मोजतात, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी आणखी मोठी मोटर टाकतो, तेव्हा ते वाक्य आठवतं. शेजाऱ्यापेक्षा आपण जोरात ओढलं की आपल्याला जास्त मिळतं हे खरंय, पण खालचं पाणी तेवढंच असतं. असो.

चाचांनी चुलतभावाला तेच वेगळ्या भाषेत सांगितलं. आमच्या क्रँकची पुली 140 ची. इंजिन 3000 फेऱ्यांवर असताना जुन्या पुलीने पंप 3360 फेरे घेणार, नव्या पुलीने 3818. शक्ती जवळजवळ दीडपट खाणार. शिवाय पट्टा लहान गोलाईत जास्त वाकतो, बेरिंगवर ताण येतो. "इसको नक्को लगाओ. इंजन ठंडा करने का है, बर्फ थोडी जमाना है!"

मग पुलीमागे वायसर घालून दीड सूत भरून काढावं का? तेही नको. पंखा त्याच पुलीवर, म्हणजे तोही दीड सूत पुढे, रेडिएटरजवळ जाणार, आणि बोल्टांना पकड तेवढी कमी. नवी पुलीच करायची असं ठरलं. तेव्हा चुलतभावाला सुचलं की शेतातल्या जुन्या इंजनाची बिडाची पुली पडून आहे, तीच कापून लावू. अण्णांची आठवणही राहील. मलाही क्षणभर भरून आलं. चाचांनी मान हलवली. बीड ओझं छान पेलतं, पण धक्का सोसत नाही. त्या पुलीला 1500 फेऱ्यांची सवय, इथे साडेचार हजारांपर्यंत जायचं, आणि ती जड. फोनवर अण्णांना विचारलं तर म्हणाले, "शेतातली शेतात राहू द्या. आठवणीला पट्टा लावत नसतेत."

पोलादाचा गोल तुकडा लेथला लागला. दोन तास मी नुसता बघत उभा होतो. आधी मधलं भोक, पंपाच्या उंचवट्यावर अगदी घट्ट बसेल असं. चाचा म्हणाले, बोल्ट नुसते धरतात, मध्य हे भोक राखतं. मग बाहेरचं माप. मग खाच, पत्र्याचा साचा लावून लावून, 34 अंशांची. लहान पुलीवर वाकताना पट्ट्याचा आतला भाग फुगतो, म्हणून खाच थोडी अरुंद लागते. आणि दीड सूत? ते त्यांनी पुलीच्या कडेतच बाहेर काढलं, त्यामुळे पंखा जागचा हलला नाही. शेवटी पुली एका गुळगुळीत दांड्यावर घालून दोन समतल पट्ट्यांवर ठेवली. जड बाजू हळूच खाली फिरली. तिथे ड्रिलने जरासं खरवडलं. पुन्हा ठेवली. तीनदा असं केल्यावर पुली ठेवाल तशी स्थिर राहिली.

चार बोल्ट आमने-सामने आवळले, पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की अर्धा इंच दबेल इतकाच ताणला, आणि पुन्हा ते सूत धरलं. या वेळी ते दोन्ही खाचांच्या बरोबर मधून गेलं. किंचाळणं बंद. काट्याने चढून चढून एक जागा धरली आणि तिथेच थांबला. मला परळीचं औष्णिक केंद्र आठवलं. 2013 च्या दुष्काळात ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा असतो, माणसं असतात, यंत्रं असतात, आणि थंड करायला पाणी नाही म्हणून सगळं ठप्प. आग कुणालाही लावता येते, ती झेपली पाहिजे.

घरी आल्यावर अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. आधी रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात, मग खालच्या. वरची गरम, खालची कोमट होत चाललेली. म्हणजे पाणी फिरतंय. एवढंच बघून ते आत गेले. जीप तपासणीला स्वतःच्या चाकांवर गेली आणि नव्या नोंदणीसह परत आली. दादाने शब्द पाळला. आता एस.टी. चुकलेली अकरावी-बारावीची पोरं तोच तिच्यातून केजला सोडतो.

चाचांचा मुलगा चाकणला संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कामाला आहे. हुशार आहे, पण परत यायचा नाही, आणि त्याने का यावं? चाचांनी आमच्या पुलीचा पत्र्याचा साचा कापून, त्यावर मापं कोरून भिंतीला टांगलाय. "मैं नहीं रहा तो भी कोई देख लेगा," म्हणाले. तो पत्रा उद्या कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून मीही मापं लिहून ठेवतो. अशी जुळवलेली जीप आणखी कुणाकडे असेल तर उपयोगी पडतील. क्रँक 140, पंप 125, खाच 34 अंश, आणि कड दीड सूत बाहेर. बसवण्याआधी सूत धरून बघा मात्र.