आभाळाचे पहारेकरी

चैत्र-वैशाखाच्या तापल्या दुपारी माळावर एखादी वावटळ उठते. पाचोळा, धूळ आणि कागदाचे कपटे गरगरा फिरवीत ती घटकाभर नाचते आणि पाहता पाहता विरून जाते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत तिचे फारसे भय कोणाला वाटत नाही. परंतु अमेरिकेच्या मध्यभागी टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस या राज्यांतून पसरलेल्या सपाट प्रदेशात वाऱ्याचा एक निराळाच भोवरा अवतरतो. वावटळ तापल्या भूमीवरून वर चढते. हा भोवरा काळ्या मेघाच्या पोटातून खाली उतरतो आणि त्याचा जोर भयंकर असला, तर नुसता पाया शिल्लक ठेवून घरे पुसून टाकतो. त्याला टोर्नेडो म्हणतात.

त्या प्रदेशात वसंत ऋतू फुलांबरोबर ही धास्तीही घेऊन येतो. दक्षिणेकडील मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट वारे येतात. पश्चिमेकडून कोरडी हवा पुढे सरकते. उंचावर थंड वारे वाहत असतात. या साऱ्यांची गाठ पडली की मेघांचे प्रचंड मनोरे उभे राहतात. उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असला, तर सबंध मेघच कुंभाराच्या चाकाप्रमाणे सावकाश फिरू लागतो. असे कितीतरी मेघ गारा आणि पाऊस टाकून निघून जातात. एखादाच भोवरा जमिनीला टेकवतो. तो एक कोणता, हे आधी नेमके सांगता येत नाही. म्हणूनच प्रत्येक मेघावर नजर ठेवावी लागते.

तेथील शेतकऱ्यांनी घराशेजारी जमिनीत खोल्या खणून ठेवल्या. ओक्लाहोमात या खोलीला थट्टेने 'भित्र्याचे बीळ' म्हणतात. मात्र वेळ आली की थट्टा करणाराही निमूटपणे तिच्यात उतरतो. पण नुसती खोली असून काय उपयोग? तिच्यात केव्हा उतरायचे, हे वेळेवर कळले पाहिजे.

ते कळावे म्हणून जॉन फिन्ले नावाच्या एका लष्करी हवामानतज्ज्ञाने १८८० नंतरच्या दशकात मोठी खटपट केली. गावोगावच्या दोन हजारांहून अधिक लोकांना त्याने आभाळाकडे पाहून वृत्तांत पाठवण्यास उद्युक्त केले. परंतु अधिकाऱ्यांना निराळीच चिंता पडली. टोर्नेडोचे नाव घेतले तर लोक घाबरून सैरावैरा धावतील, असे त्यांना वाटले. आणि हवामानाच्या अंदाजांतून तो शब्दच वर्ज्य झाला. शब्द गेला म्हणून संकट थोडेच जाणार! १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो सुमारे साडेतीन तास धावत राहिला. ६९५ माणसे मरण पावली. संकट एका गावावरून दुसऱ्या गावावर चालून जात होते. पण पुढच्या गावाला सावध करणारी कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती.

पुढे २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर विमानतळावर टोर्नेडो कोसळला. फॉबुश आणि मिलर या तेथील दोन हवामान अधिकाऱ्यांनी त्या दिवशीच्या वातावरणाचा अभ्यास केला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तीच लक्षणे पुन्हा दिसू लागली. त्यांनी धीर करून इशारा दिला. विमाने सुरक्षित जागी हलवण्यात आली आणि संध्याकाळी खरोखरच त्याच विमानतळावर दुसरा टोर्नेडो उतरला. वर्ज्य शब्द उच्चारता येतो आणि तो उच्चारल्याने हानी टळते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आज या कामी रडार आहे, उपग्रह आहेत. तरीही माणसाच्या डोळ्यांची गरज संपलेली नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण जसजसा दूर जातो, तसतसा तो जमिनीपासून उंच उंच जातो. मेघाच्या पोटातील फिरणे त्याला दिसते. खाली शेतात काय चालले आहे, ते पुष्कळदा दिसत नाही. ही उणीव गावकरी भरून काढतात. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, अग्निशामक दलाचे जवान, हौशी रेडिओचालक अशा साडेतीन लाखांहून अधिक माणसांनी आजवर अमेरिकेत या पहाऱ्याचे शिक्षण घेतले आहे. स्वयंसेवकांना या कामाचे वेतन मिळत नाही.

वादळ जवळ आले की हा पहारेकरी सुरक्षित अंतर राखून, माघारीची वाट मोकळी ठेवून उभा राहतो. मेघाचा तळ कोठे खाली लोंबतो आहे, तो फिरतो आहे काय, खाली धुरळा उडतो आहे काय, हे तो निरखतो. रात्री भोवरा दिसत नाही. तेव्हा विजेच्या तारा तुटताना जमिनीलगत चमकणारे निळे-हिरवे झोत त्याची वाट दाखवतात. मग काय दिसले, कोठे दिसले, केव्हा दिसले आणि ते कोणीकडे चालले आहे, एवढेच तो कळवतो. स्वतःची भीती त्यात मिसळायची नाही आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून सांगायची नाही, हा त्याचा धर्म.

३ मे १९९९ रोजी या साऱ्या व्यवस्थेची कसोटी लागली. सकाळी धोका बेताचाच वाटत होता. दिवस चढला तशी चिन्हे पालटली आणि अंदाजातील धोक्याची पायरी दोन वेळा वाढवावी लागली. पाच वाजण्याच्या सुमारास ओक्लाहोमाच्या नैर्ऋत्य भागात पहिला भोवरा उतरला. तेच वादळ एकामागून एक भोवरे सोडीत ईशान्येकडे, मोठ्या शहराच्या रोखाने सरकू लागले. वाटेवरच्या पहारेकऱ्यांचे वृत्तांत येत होते; हेलिकॉप्टरमधून घेतलेली चित्रे घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसत होती. साडेसहाच्या सुमारास सर्वांत भयंकर टोर्नेडो निर्माण झाला. ब्रिज क्रीकजवळ त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर मोजला गेला. नॉर्मन येथील हवामान कार्यालयाला नेहमीचे शब्द अपुरे वाटले. तेव्हा त्यांनी 'टोर्नेडोची आणीबाणी' हा नवाच इशारा प्रसृत केला. मूर गावासह सुमारे ६१ किलोमीटरची पट्टी उद्ध्वस्त झाली. हजारो घरे पडली. त्या टोर्नेडोने ३६ बळी घेतले. १९२५ आणि १९९९ यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. परंतु एवढे मोठे संकट भरवस्तीतून जाऊनही असंख्य लोक वाचले, कारण त्यांना आश्रय घेण्यास वेळ मिळाला होता.

त्या दिवशी तिघांचे प्राण रस्त्यावरील पुलांखाली गेले. १९९१ साली कॅन्ससमध्ये काही माणसे अशा पुलाखाली बचावल्याचे चित्रण सर्वत्र दाखवले गेले होते. त्यावरून पूल म्हणजे उत्तम आसरा, असा समज पसरला. वास्तविक पुलाखालच्या अरुंद जागेत वारा अधिक जोराने घुसतो. अर्धवट माहिती ही अज्ञानाइतकीच घातक ठरते.

धैर्यालाही मर्यादा असते. ३१ मे २०१३ रोजी एल रिनो गावाजवळ सुमारे सव्वाचार किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो एकाएकी पसरला आणि वळला. टिम समारास हे अनुभवी संशोधक आपल्या मुलासह व एका सहकाऱ्यासह त्यात मृत्युमुखी पडले. तेव्हा केवळ मौजेखातर वादळामागे गाड्या हाकणाऱ्यांना पहारेकरी म्हणता येणार नाही. त्यांच्या गर्दीने उलट रस्ते अडतात.

आकाश निरभ्र असेल, तर ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी बारा वाजता धोक्याचे भोंगे वाजवून पाहतात. त्या वेळी कोणी पळत नाही. परंतु तो आवाज कानांत मुरलेला असतो, आणि एखाद्या संध्याकाळी तो अवेळी उठला की त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या आवाजामागे पुष्कळदा कोठेतरी शेताच्या बांधावर भर वाऱ्यात उभा असलेला एखादा साधा माणूस असतो. ज्यांच्यासाठी तो उभा असतो, त्यांतील बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नसते. संकट परतवण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही. ते पाहून, जसेच्या तसे आणि वेळेवर दुसऱ्याला सांगणे त्याच्या हाती असते. आणि तेवढ्यानेच कित्येक घरांतील मुले भित्र्याच्या बिळातून सुखरूप वर येतात.