वर कुठलं, खाली कुठलं

कातळशिल्पाचा फोटो काढायचा म्हणजे खरं तर सावलीचा फोटो काढायचा. रत्नागिरीच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, भर दुपारी उभं राहून पाहा, पायाखाली हत्ती असला तरी दिसायचा नाही. ऊन डोक्यावर असलं की जांभ्यात कोरलेल्या रेघेची सावली रेघेतच जिरून जाते आणि उरतो तो सगळीकडं सारखाच खडबडीत कातळ. दिवस कलायला लागला की मात्र रेघांच्या एका काठाला काळी किनार धरते. आधी कुठंतरी पाठीची कमान, मग पाय, मग सोंडेसारखं काहीतरी. कॅमेऱ्याचं जे काही काम असतं ते एवढ्याच वेळात. सूर्य टेकला की हत्ती परत कातळात.

मी नीरेकाठचा, वडगाव निंबाळकरचा. आमच्याकडं डावा कालवा, ऊस आणि घणाखाली खणखणणारा काळा पाषाण. नदीपलीकडं फलटणच्या अंगाला महादेवाचे डोंगर आणि त्यात संतोषगड, वारुगड. त्यामुळं डोळ्याला सवय गडांची. गड ओळखायचा तर कडा कुठं निसर्गाचा आणि कुठं माणसानं तासलेला हे बघायचं, तटाची रेघ, बुरुजाची गोलाई, दरवाजाची खाच शोधायची, वर गेल्यावर खोदलेली टाकी मोजायची. एखादा ढासळलेला बुरूज आणि नुसता दगडांचा ढीग यांत घोटाळा होतो, नाही असं नाही. पण एक गोष्ट कधीच चुकत नाही: आकाश वर आणि डोंगर खाली. गड दुरून दिसावा, दिसून धाक बसावा, म्हणूनच तिथं बांधलेला. तो आपली बाजू आपणच सांगतो.

सड्यावर ही सोय नाही. तिथलं चित्र जमिनीवर आडवं. मी उभा आहे ती बाजू खालची आणि पलीकडची वरची, एवढाच काय तो नियम, आणि चार पावलं चालून पलीकडं गेलं की तोही उलटा. चौकटीत नक्षी आहे, तिच्याभोवती मी घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि प्रत्येक बाजूनं ती तितकीच पुरी वाटते. फोटो छापला की मात्र चित्राला एक वरची कड मिळते. ती कोरणाऱ्यानं दिलेली नसते, फोटोवाल्यानं दिलेली असते, आणि पुढं बघणारा प्रत्येकजण तिच्यावर विश्वास ठेवतो.

राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर एक मोठी मानवाकृती आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक प्राणी. ते वाघ आहेत असं मानतात, आणि मग मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा, दोन वाघांना दोन हातांनी थोपवणारा वीर आठवल्यावाचून राहत नाही. मलाही आठवला. पण मुद्रेला वर-खाली आहे, तिथला माणूस उभा आहे हे नक्की. बारसूचा माणूस उभा आहे, निजला आहे की मेला आहे, हे सांगणारं त्या कातळावर काय आहे? साम्य मोहात पाडणारं आहे, म्हणूनच त्याच्यावर फार भार टाकू नये असं मला वाटतं.

कशेळीचा हत्ती तर लांबीलाच सुमारे १८ मीटर. त्याच्या पायाशी उभं राहून फोटो घेतला तर पाय फुगतात आणि पाठ आक्रसते. ड्रोन आल्यापासून तो अख्खा दिसतो, देखणा दिसतो. मात्र तो कोरणाऱ्यांनी तिथून कधीच पाहिला नव्हता. त्यांनी तो वाकून, सरकत सरकत केला असणार. त्याच्या अंगात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरले आहेत. चालत गेलं तर ते एकेक करून पायाशी भेटतात, आणि आकाशातून पाहिलं तर नुसतं भरतकाम होऊन बसतं. ड्रोनचा फोटो मोजमापाला घ्यावा, ओळख पायांनी करून घ्यावी.

ही चित्रं जगापुढं आली तीही पायांनीच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई वर्षानुवर्षं सडे तुडवत, गावोगावच्या गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत फिरले. गावाला ती ठाऊक होतीच, बाहेरच्यांनी विचारलं नव्हतं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणची कातळशिल्पं गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं फणसायमळ. यादीनं नाव होतं, पण चिरेखाणीचं यंत्र काही यादी वाचून थांबत नाही.

आणखी एक दुखणं खडूचं. रेघ फोटोत उठत नाही म्हणून लोक ती खडूनं, चुन्यानं भरतात. कातळाला त्रास होतो तो वेगळाच, पण मुख्य म्हणजे आपल्याला जी रेघ वाटते तीच भरली जाते. जांभ्याला मुळातच भोकं आणि भेगा फार. एक भेग चुकून भरली की प्राण्याला पाचवा पाय फुटतो आणि फोटोतून तो कायमचा होतो. मऊ कुंच्यानं माती झाडावी, मोजपट्टी ठेवावी, उत्तर दिशा नोंदवावी आणि उन्हाची वाट बघावी.

या चित्रांत गेंडा ओळखला आहे, पाणघोडा ओळखला आहे. आज कोकणात दोन्ही नाहीत. शेतीची खूण कुठंच नाही. म्हणून ही शिकाऱ्यांची, शेतीच्या आधीची कला असं अभ्यासक मानतात. नेमकं साल सांगणं मात्र अवघड, कारण उघड्या सड्यावर मातीचे थरच नाहीत. चित्र आहे, तारखेला आधार नाही.

आमच्या बाजूला नेमकं उलट. मोरगावला लोक मयूरेश्वराला येतात. तिथंच कऱ्हेच्या काठी जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या गाळाच्या संगतीनं अश्यूलियन या आद्य अश्मयुगीन धाटणीच्या हातकुऱ्हाडी मिळतात. राख सुमात्रा बेटावरच्या टोबाची, यावर बरंच एकमत. पण ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याच ज्वालामुखीच्या सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या, यावर अभ्यासकांत वाद झडले आहेत. थर आहे, भांडायला तारखा आहेत, चित्र मात्र एकही नाही. फोटो काढायला गेलं तर नदीची दरड आणि तिच्यात फिकट पट्टा. कुणाला दाखवला तर म्हणतो, बरं मग?

हातकुऱ्हाडीचा फोटो जरा बरा येतो. तिलाही तिरपाच उजेड लागतो, म्हणजे छिलके उडाल्याच्या खुणा एकेक करून दिसतात आणि नदीनं घासलेला गोटा व माणसानं घडवलेलं हत्यार यांतला फरक कळतो. उचलण्याआधी जागेवरचा फोटो घ्यायचा, मग दोन्ही अंगांचे. पुस्तकांत तिचं निमुळतं टोक नेहमी वर छापतात. कऱ्हेकाठी बूड मुठीत धरून हाडं फोडणाऱ्याच्या हातात मात्र ते बहुतेक खालीच असणार.