नवलेखकांचे भाट

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि रामनवमीच्या यात्रेस तेथे दूरदूरच्या तांड्यांतून बंजारा बांधव लोटतात. आमच्या परिचयाचे एक तरुण शिक्षक त्याच भागातले. त्यांनी तांड्यातील बालपणाच्या आठवणी लिहून स्वखर्चाने छापल्या. महिना लोटला नाही तोच एका प्रचारसंस्थेची ई-मेल आली: पुस्तक एका बैठकीत वाचून संपविले, आजीचे प्रकरण वाचताना डोळे पाणावले! आजीचा उल्लेख मलपृष्ठावर होताच. खाली दरपत्रक होते. एकूण रक्कम चाळीस हजार रुपये.

आम्ही ते दरपत्रक बारकाईने वाचले. आय. एस. बी. एन. क्रमांकासाठी पाच हजार. तो राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सी विनामूल्य देते. 'स्वामित्वहक्क मिळवून देणे', आणखी काही हजार. 1957 च्या कायद्याप्रमाणे तो हक्क लेखन होताच लेखकाचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. 'सर्वाधिक खपाचे पुस्तक' हा किताबही यादीत होता! ऑनलाइन दुकानाच्या एखाद्या आडवळणी पोटविभागात थोड्या प्रती एकदम घेतल्या की तासाभरापुरता तो मिळतो.

हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील ऑथर सोल्यूशन्स या कंपनीवर लेखकांनी 2013 साली दावा लावला होता. 2015 साली तो तडजोडीने मिटला. आता तर स्तुतिपत्रे यंत्रच लिहिते, आणि 2025 साली इंग्रजी लेखकांकडे त्यांचा सुळसुळाट झाला.

बंजारा समाजात भाट आणि ढाडी यांची परंपरा जुनी आहे. तेही स्तुती गात आणि बिदागी घेत. परंतु गाणे चारचौघांत होई, ऐकणारे समोर बसलेले असत. या नव्या भाटांपाशी श्रोताच नाही. त्यांचे गिऱ्हाईक वाचक नव्हे, लेखक होय. त्याने पैसे भरले की पुस्तक खपो वा न खपो, त्यांचा व्यापार पुरा झाला. उलट महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत हस्तलिखित आधी परीक्षकांपुढे जाते आणि नापसंतही होते. नकार देऊ शकणाराच होकाराला किंमत आणतो, हे मात्र उमेद असलेल्या माणसाला पटविणे फार कठीण.

रामनवमीला यात्रेत सतरंजी अंथरून प्रती मांडाव्यात, असे आम्ही सुचविले. शिक्षक 'हो' म्हणाले. पैसे त्यांनी अद्याप धाडलेले नाहीत. पण ते पत्र छापून घेऊन वहीत जपून ठेवले आहे. तांड्याबाहेरच्या कोणी आजीविषयी दोन शब्द लिहिलेले ते पहिलेच पत्र होते, असे ते म्हणतात.