आंब्याची चकती, बाभळीची चकती

साताऱ्यात आमच्या पेठेत पावसाळ्यात झाड पडलं, की मोठी माणसं तार तुटली का, कौलं किती फुटली आणि झाड नेमकं कुणाच्या हद्दीत पडलं ते बघायची. आम्हा पोरांचं लक्ष करवतीकडं. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची ती लांब करवत बुंध्यातून आरपार गेली, की पुढचा काप घेण्याआधी आमच्यातलं एखादं धीट पोर म्हणायचंच, "मामा, एक चकती द्या की!" मामा घाम पुसत विचारायचे, "काय करणार रं हिचं?" ह्याला उत्तर तयार नसायचं. तरी चकती मिळायची. "दोन बोटं तरी जाड पायजे, पातळ तडकंल," एवढा सल्लाही वर मिळायचा.

घरी नेली की आईचा प्रश्न, "आता हे आणि कशाला?" आणि आजीचं ठरलेलं उत्तर, "ऱ्हाऊ दे, लागंल कवातरी." आमच्या पिढीच्या घरांतलं अर्धं सामान ह्या एका वाक्याच्या जोरावर टिकलं. सुतळीचे गुंडे, डालड्याचे डबे, मोडक्या छत्रीच्या काड्या, जुन्या धोतराची फडकी, लग्नपत्रिकांवरचे कापून ठेवलेले गणपती, आणि माळ्यावर एकावर एक रचलेल्या लाकडाच्या चकत्या. ऱ्हाऊ दे, लागंल कवातरी.

चकत्या सगळीकडून यायच्या. माण-खटावकडून जळणाच्या गाडीत बाभळीचे ओंडके यायचे. फोडण्याआधी एखाद्या चांगल्या ओंडक्याची चकती बाजूला निघायची. कड पिवळसर पांढरी, आतला गाभा तांबूस, आणि उचलायला पाट्यासारखी जड. आंब्याची चकती हलकी, घासायला सोपी, पण तिला भुंगा लागायचा. सकाळी उठून बघावं तर खाली पिठाची बारीक रास. कडुनिंबाच्या वाटेला कीड सहसा जायची नाही. पाचगणीला नोकरीला असलेले काका सिल्व्हर ओकची चकती आणायचे. साहेबाच्या काळात तिथं ती झाडं रांगेनं लावलेली. जावळीकडून जांभूळ यायचं. आणि सांगलीच्या आजोळी मामांच्या बांधावर साग होता. मे महिन्यात आम्ही एसटीनं सांगलीला जायचो ते आमरसासाठी, हे खरं. पण परतीच्या पिशवीत खालच्या बाजूला, पापडाच्या डब्याशेजारी, सागाची चकती असायची.

ओली चकती लगेच रंगवायला घेतलेली आजीला चालायचं नाही. उन्हात टाकलेली तर मुळीच नाही. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच काठाकडून गाभ्याच्या दिशेनं आक्रसतं, आणि त्या ओढाताणीत चकती काठापासून मध्यापर्यंत उभी फाटते. हे कारण आम्हाला फार पुढं कळलं. आजीला उपाय आधीपासून ठाऊक होता. दोन्ही अंगांना शेणामातीचा पातळ लेप द्यायचा आणि चकती धान्याच्या कणगीमागं सावलीत उभी करून विसरून जायची. विसरणं हाच त्यातला अवघड भाग होता. श्रावणात आणलेली चकती शिमगा झाल्यावर हातात यायची, तोवर लेप सुकून आपोआप गळून पडलेला असायचा आणि लाकडावर बोटानं टिचकी मारली की आवाज कोरडा यायचा.

मग घासणं. आधी विटेचा तुकडा, मग सुतारकाकांनी वापरून टाकलेला पॉलिश पेपर, शेवटी जाड काचेची बाटली आडवी फिरवून घोटाई. साल शक्यतो काढायची नाही, सुटायला लागलीच तर खळ लावून सुतळीनं बांधून ठेवायची. रंग घरातलेच. तांबडा गेरूचा, पांढरा चुन्याचा, काळा कंदिलाच्या काजळीचा, पिवळा हळदीचा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात तिचं मोल फार आधीपासून पक्कं होतं, कारण मामीनं पाठवलेल्या हळदीचा पिवळा दुसऱ्या कुठल्या पुडीला यायचा नाही. त्यात चिमूटभर चुना टाकला की लाल. हळदीचा रंग उन्हानं उडतो, म्हणून पिवळी चकती देवघराच्या आतल्या भिंतीला. रंग धरायला बाभळीचा डिंक, आणि कुंचला म्हणजे बाभळीच्याच काडीचं ठेचलेलं टोक. शाळेत कॅम्लिनचे पोस्टर कलर आले तेव्हा आम्ही हरखलो, तरी गेरूची डबी कुणी टाकली नाही. लागंल कवातरी.

चित्र काढायचा मान आमच्या अक्काचा. चैत्रगौरीपुढं अंगणात जे चैत्रांगण निघायचं, ते सगळं अक्का एका वीतभर चकतीवर बसवायची. शंख, चक्र, गोपद्मं, कासव, सूर्य, चंद्र, गौरीची पावलं. आधी ती चकती हातात घेऊन नुसती फिरवत बसायची. गाभा कुठं सरकलाय, गाठ कुठं आहे, साल कुठं जाड आहे ते बघायची. गाभा मध्ये असेल तर तिथं सूर्य, आणि वलयं म्हणजे त्याचं तेज. गाभा एका कडेला असेल तर तिथं कासवाची पाठ. गाठ आली तर तिचा शंख. आणि एवढं जपूनही तडा गेलाच, तर तडा म्हणजे कृष्णा नदी. तिच्या काठी ती वाईचा घाट काढायची आणि घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ, मागं माशासारखी निमुळती भिंत असलेलं, रास्त्यांनी 1762 साली बांधलेलं. तडा गेलेली चकती फेकून द्यायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमच्या घरात तीच सगळ्यांत आधी मागितली जायची.

वरची चमक मात्र मिरजेची. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मामांची ओळख होती. पूर्वी हत्यारांना धार आणि पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत ओट्यावर बसून तंबोऱ्याला पॉलिश होताना आम्ही तासन्‌तास बघत राहायचो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कापसाचा बोळा मऊ मलमलीत गुंडाळलेला. त्यावर तेलाचं एक बोट, मग हात गोल गोल, कुठंही न थांबता. थांबला तर तिथं डाग. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं उरलेला चपडा कागदाच्या पुडीत बांधून आम्हाला दिला होता आणि एवढंच सांगितलं होतं, "हात हलका ठेवायचा, आणि घाई नाय करायची." तेवढ्यावर आमच्या सगळ्या चकत्या चकाकल्या.

त्या लागायच्याही. समईखाली एक, दुधाच्या तापल्या पातेल्याखाली एक, पाहुण्यांच्या तांब्याभांड्याखाली एक. दिवाळीत मातीच्या किल्ल्याला चकत्यांच्या पायऱ्या. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पोरांचा किल्ला चढायला सोपा असून चालायचं नाही, म्हणून पायऱ्या मुद्दाम तिरक्या. बेंदराला मातीचे बैल रंगीत चकतीवर उभे राहायचे. गौरींच्या आरासीत चकत्यांची उतरंड. आणि सगळ्यांत मोठा मान रुखवतात. मोत्यांचे मोर, लोकरीची बाळं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, सुपारीचे भटजी, आणि त्यांच्या मधोमध आमच्या घरची चकती. लेक सासरी जाताना माहेरच्या परसातल्या झाडाची एक चकती तिच्या सामानात जायची. अक्काच्या रुखवतातली आंब्याची. त्या आंब्याच्या कैऱ्या तिनं मीठ-तिखट लावून खाल्ल्या होत्या, त्याच्या फांदीला तिचा झोपाळा होता. वादळात तो पडला त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं होतं.

प्रत्येक चकतीच्या मागं आजोबा बोरूनं लिहायचे. झाड कुठलं, गाव कुठलं, साल कोणतं. पुढची बाजू पोरांची, मागची आजोबांची. "बाभूळ, म्हसवड." "जांभूळ, मेढा." "कडुनिंब, पेठेतला, पाराजवळचा." एका चकतीमागं "तुळई, पाटण, 1967" असं होतं. त्या वर्षी 11 डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि थोरल्या काकांचं घर बसलं. ढिगाऱ्यातून निघालेली सागाची तुळई धड होती, ती नव्या घराला लागली. लांबीला जास्त झालेलं टोक कापलं त्याची ही चकती. तिच्यावर कुणी रंग लावला नाही. फक्त चपडा. ती देवघरात असायची आणि तिला हात लावताना आम्ही आपसूक हळू बोलायचो.

मामांच्या सागाच्या चकतीवर वलयं मोजता यायची. साग उन्हाळ्यात पानं टाकतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढीला लागतो, त्यामुळं त्याची वर्षं लाकडात वेगळी उमटतात. आंब्यात ती तशी स्पष्ट दिसत नाहीत. मामा सुईचं टोक एका जागी ठेवायचे. तिथं वलयं इतकी दाटीनं होती की मधलं अंतर दिसायचं नाही. "हा बहात्तरचा दुष्काळ," ते म्हणायचे. जत-आटपाडीकडची माणसं तेव्हा खडी फोडायला गेली होती, हे त्यांनी पाहिलेलं. आम्ही दुष्काळ पुस्तकात वाचण्याआधी लाकडावर बोटानं चाचपला.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली आणि आजोळच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर आम्ही सगळी भावंडं गाळ काढायला गेलो. कपाटाखालच्या पत्र्याच्या पेटीत चकत्या सापडल्या. गेरू-चुन्याची चित्रं धुऊन गेली होती. चपड्याचे हात दिलेल्या चकत्या पांढुरक्या पडल्या होत्या, पाणी लागलं की चपडा असाच धुरकटतो. आंब्याच्या मऊ पडून हातात तुटल्या. जांभळाची तेवढी जशीच्या तशी. जांभूळ पाण्यात टिकतं म्हणून विहिरीत वापरतात, ते उगाच नाही. मामीनं सगळ्या पुन्हा सावलीत वाळवल्या. धुरकटलेल्यांवर मोठ्या वहिनींनी स्पिरिटचा बोळा हलका फिरवला, तसं खालचं लाकूड पुन्हा दिसायला लागलं. पुढची चित्रं गेली होती, पण मागची अक्षरं बऱ्याच चकत्यांवर वाचता येत होती.

आता घासून, पुसून, भोक पाडून तयार चकत्या पाकिटात मिळतात. आमच्या घरातली नातवंडं त्यांवर सुंदर कामं करतात, मंडल काढतात, घड्याळाचे काटे बसवतात, राखी चिकटवतात. आमच्यापेक्षा त्यांचा हात सफाईदार आहे आणि त्याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण पाकिटातली चकती उलटी केली की मागं कोरी असते. कुठलं झाड, कुठल्या गावचं, कुणी लावलं, काहीच नाही. एवढीच एक गोष्ट आम्हाला खटकते, आणि ती दुरुस्त करणं फार सोपं आहे.

झाडं आपल्याकडं अजूनही पडतात. मिरज तालुक्यात भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड 2020 साली महामार्गाच्या कामात जाणार होता. लोक उभे राहिले, रस्ता थोडा वळवला गेला, वड वाचला. 2022 च्या जूनमध्ये पावसात तो स्वतःच कोसळला. चकतीसाठी हिरव्या झाडाला करवत लावा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. शहरात त्यासाठी 1975 चा कायदा आहे आणि तो पाळायलाच हवा. पण वादळात, पुरात, म्हातारपणानं तुमच्या गल्लीतलं, शाळेतलं, परसातलं झाड पडलं, तर ओंडके वखारीत जाण्याआधी करवतवाल्याला एक चकती मागा. दोन बोटं जाड. सावलीत वाळवा, घाई करू नका, पुढं पोरांना हवं ते रंगवू द्या. आणि मागं झाडाचं नाव, गावाचं नाव आणि साल तेवढं लिहून ठेवा.