चार ॲक्सल, सहा ॲक्सल

गेल्या शनिवारी वराळ्याला घरी गेलो होतो. हिंजवडीपासून वराळे तसं फार लांब नाही, पण सोमवार ते शुक्रवार मी वाकडला मित्रांबरोबर राहतो आणि शनिवारी सकाळी धुण्याची बॅग घेऊन घरी येतो. (आई हे वाचत नाही, त्यामुळे बॅगेविषयी लिहायला हरकत नाही.)

ह्या वेळी बॅगेबरोबर एक बातमीही होती. आमचा प्रोजेक्ट संपला. क्लायंटने जुनी सिस्टिम बंद करून नवीन घेतली आणि ती जुनी सिस्टिम सांभाळणारे आम्ही सहा जण सध्या बेंचवर आहोत. बेंच म्हणजे काय हे आयटीवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी: पगार चालू, काम बंद, झोप उडालेली.

घरी सांगायचं कसं हे काही सुचेना. मग मी नेहमीचा उपाय केला. बाबांना इंजिनांबद्दल विचारलं.

बाबा रेल्वेत फिटर होते. डिझेल इंजिनांवर. रोज पहाटे सायकलने तळेगाव स्टेशन, तिथून लोकल, की संध्याकाळी उशिरा घरी. हाताला डिझेलचा वास कायमचा. १९८८ साली लागले, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांना तसा वास येतो.

तर मी विचारलं, "बाबा, परवा एक व्हिडिओ बघितला. अमेरिकेत मालगाडीला चार ॲक्सलचं डिझेल इंजिन होतं. दोन बोगी, प्रत्येकीला दोन ॲक्सल. आपल्याकडे मालगाडीच्या डिझेलला सहा कशाला?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. हे चांगलं लक्षण.

"त्याचं वजन किती?"

मी मोबाईलवर शोधलं. ते जीपी-७ घराण्यातलं इंजिन होतं. जीपी म्हणजे जनरल पर्पज, सर्व कामांना चालणारं. १९४९ साली जनरल मोटर्सने काढलं, १५०० अश्वशक्तीचं. आधीची बरीच डिझेल इंजिनं डब्यासारखी बंद असायची. ह्याला मधोमध अरुंद हूड आणि दोन्ही बाजूंनी चालायला जागा, त्यामुळे ड्रायव्हरला मागचं-पुढचं दिसायचं आणि फिटरला बाहेर उभं राहून दारं उघडून काम करता यायचं. ("फिटरचा विचार केला म्हणजे शहाणा माणूस असणार," इति बाबा.) वजन साधारण १११ टन.

"आणि आपल्या डब्ल्यूडीएम-२ चं?"

हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं नव्हतंच. त्यांनीच सांगितलं. ११२.८ टन.

मी गप्प. म्हणजे दोन्ही इंजिनं जवळजवळ सारख्याच वजनाची! फक्त एक चार ॲक्सलवर उभं आणि एक सहावर. भागाकार करा. अमेरिकन इंजिनाच्या एका ॲक्सलवर जवळपास २८ टन येतात, आपल्याकडे १८.८. म्हणजे ॲक्सल किती हे इंजिनाच्या ताकदीवरून ठरलंच नाही. खालच्या रुळांनी ठरवलं. त्यांचे रूळ आणि पूल तेवढा भार घेत होते, आपले त्या काळी घेत नव्हते. चार वर्षं मेकॅनिकल इंजिनियरिंग करून मला हे कधी सुचलं नव्हतं.

"अरे, आपल्या खाचरात बघ की," बाबा म्हणाले. "ट्रॅक्टर तोच. पण चिखलणीला लोखंडी केजव्हील लावावी लागतात ना? ताकद नंतर बघायची. आधी खाली जमीन कशी आहे ते बघायचं."

मग आई चहा घेऊन आली आणि बाबा सुरूच झाले. डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं, त्या विजेवर ॲक्सलवरच्या मोटर्स चालतात. डब्ल्यूडीएम-२ मध्ये १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सहा मोटर्स. त्या मावाव्यात म्हणून तीन ॲक्सलच्या बोगीतला मधला ॲक्सल बरोबर मध्यावर नसतोच, एका बाजूला सरकलेला असतो. मी शेकडो वेळा ही इंजिनं पाहिली आहेत. कधीच लक्षात आलं नाही.

आपल्याकडे चार ॲक्सलचा प्रयोगही झाला. १९९५ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून डब्ल्यूडीपी-१ निघालं. १२ सिलिंडर, २३०० अश्वशक्ती, वजन ८० टन. नावातला पी म्हणजे पॅसेंजर, मालगाडीसाठी नव्हतंच ते. मोजकीच बनली. ॲक्सलवर २० टन धरले तर चार ॲक्सलचे ८० च होतात, आणि वजन कमी म्हणजे रुळावरची पकड कमी.

पकड का महत्त्वाची ते आपल्या मावळातल्या माणसाला सांगायला नको. बोरघाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे १००० टनांची गाडी वर खेचायची तर नुसत्या चढासाठीच २७ टनांची ओढ लागते. डब्ल्यूडीएम-२ ची सुरुवातीची जास्तीत जास्त ओढ साधारण ३० टन. एवढंच वजन, एवढीच पकड. त्यात इंजिनाला स्वतःलाही चढायचं असतं. म्हणून तर कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत लोणावळ्याला आणतात. ८० टनांच्या इंजिनाचं तिथे काय चालणार?

एव्हाना अंधार पडला होता. पलीकडे मालगाडीचा भोंगा वाजला. वारा इकडचा असला की वराळ्यापर्यंत ऐकू येतो.

"इलेक्ट्रिक," बाबा न बघता म्हणाले.

आता सगळीकडे तारा आल्या. मिरज लाईनलासुद्धा. बऱ्याच डिझेल शेडांमध्ये आता इलेक्ट्रिक इंजिनं उभी असतात. मला वाटलं विचारावं, वाईट वाटतं का. पण विचारता विचारता तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "बाबा, माझा प्रोजेक्ट बंद झाला. दुसरा मिळेल की नाही माहीत नाही. आता एआय आलंय, आणि आम्ही सांभाळत होतो तसल्या सिस्टिम्स कुणाला नकोयत."

आई आत जाता जाता थांबली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे डब्ल्यूडीएम-२ ज्या कंपनीचं, ती अमेरिकेतली अल्को. १९६२ ला त्यांची पहिली इंजिनं इकडे आली. १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली. अल्को बंद पडली १९६९ ला."

"मग?"

"मी कामाला लागलो १९८८ ला."

मी हिशोब केला. कंपनी बंद पडल्यावर १९ वर्षांनी बाबांनी तिचं इंजिन शिकायला सुरुवात केली आणि त्यावर आमचं घर, माझं शिक्षण, ताईचं लग्न झालं. वाराणसीत हे एकच मॉडेल अडीच हजारांहून जास्त बनलं.

आता इथे बाबांनी काहीतरी मोठं वाक्य टाकावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझीही होती. पण ते म्हणाले, "लोखंडाचं मला माहीत आहे. तुमच्या कॉम्प्युटरचं तसंच होईल असं मी कसं सांगू?" आणि थोड्या वेळाने, "पण मला दोन महिन्यांनी कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आज सांगितलंस, बरं केलंस."

रात्री ब-याच दिवसांनी झोप लागली. पहाटे सहाला बाबांनी हलवून उठवलं.

"ऊठ. खालच्या खाचरात चिखलणी आहे. बेंचवरच आहेस ना?"

तर मंडळी, गेल्या रविवारी आयटी कंपनीतला एक इंजिनियर इंद्रायणीकाठी गुडघाभर चिखलात उभा होता आणि ट्रॅक्टरची केजव्हील न रुतता कशी फिरतात हे बघत होता. बाकी बघू. आज शुक्रवार आहे, अजून कुणाचा फोन आलेला नाही. धुण्याची बॅग भरून ठेवली आहे.