दम

खारदुंग लाला 'खिंड' म्हणण्याची गरज नाही. लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. तिच्यावरच्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, खरी उंची सुमारे 17,582 फूट. आठशे फूट कुठून आले, पाटी लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मला तर खरे फूटही भरपूर झाले.

72 किलोमीटरची ही शर्यत लडाख मॅरेथॉनच्या दिवसांत, सप्टेंबरमध्ये असते. खारदुंग गावातून पहाटे तीनला सुटायचं, 32 किलोमीटर नुसती चढण, जवळपास 1,400 मीटर. मग 40 किलोमीटर उतरून लेह. वेळ चौदा तास. आमच्या साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून पाय तयार होतात, फुफ्फुसं होत नाहीत. वर हवेत ऑक्सिजन एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाबच जवळपास निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागतं निम्मंच. म्हणून दोन आठवडे आधी लेहला जाऊन राहायचं, रोज बोटाला ऑक्सिमीटर लावायचा.

पहिल्या दिवशी आकडा आला 86. डॉक्टर म्हणाले, "छान आहे, भरपूर पाणी प्या." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एप्रिल 2021 मध्ये अब्बांच्या बोटाला हाच आकडा होता, तेव्हा आम्ही रिक्षातून तीन दवाखाने फिरलो होतो. चौथ्याने घेतलं. तिथे सिलिंडर रात्री संपला आणि सकाळपर्यंत दुसरा आला नाही. तेव्हापासून अम्मी ते यंत्र घरात ठेवू देत नाही. मी ते स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन, तिच्यापासून लपवून लेहला नेलं होतं.

तीन वाजता निघालो तेव्हा अंधारात नुसते हेडलॅम्प हलत होते. इथे फार थोडे लोक खरंच धावतात. लडाखी पोरं पुढे निघून जातात, बाकीचे आम्ही शंभर पावलं पळायचं, दोनशे चालायचं. त्यात कमीपणा काही नाही.

फजरची वेळ रस्त्यातच झाली. बाटलीतलं पाणी पिण्यापुरतं होतं आणि थंडी गोठवणारी, म्हणून तयम्मुम केलं. हातमोजे काढून कडेच्या मातीवर तळवे मारले, तोंडावरून आणि हातांवरून फिरवले. साताऱ्यात आपण पश्चिमेपासून जरा उत्तरेकडे वळतो, इथे जरा दक्षिणेकडे. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, पण फजरच्या मुळातच दोन, त्यात सूट नाही. सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे काजवे आले. मागून आलेला एक जण थांबला, त्याला वाटलं मी कोसळले. मी हाताने 'जा' म्हटलं.

नॉर्थ पुल्लूनंतर खरी परीक्षा. मी वर्गात मुलांना नेहमी सांगते, 'दम' हा फारसी शब्द उर्दूत आला तसा मराठीतही आला. उर्दूत तो श्वास, तसाच क्षणही. मराठीत दम लागतो, दम देतात, दम धरतात, आणि छातीचा आजार झाला की दमा. त्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये हे सगळे अर्थ एकेक करून अंगावर आले. चार पावलांना एक श्वास, मग दोन पावलांना एक. अब्बा शेवटच्या रात्री श्वास मोजत होते, मोठ्याने, उर्दूत. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. एका वळणापाशी मीही मोजत होते. मोजलं की पुढचा श्वास येणार हे गृहीत धरता येतं, एवढंच.

नऊ वीसला वर पोचले. वाऱ्यात पताका फडफडत होत्या. थांबू देत नाहीत, थांबायचंही नसतं. गरम पाणी प्यायले आणि उतरायला लागले. उतारात गुडघे गेले, दोन नखं गेली, पण श्वास परत आला. त्या चाळीस किलोमीटरबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

लेहला पोचून अम्मीला फोन लावला. ती म्हणाली, "कित्ता है?"

"बारा घंटे पचास मिनट."

"वो नहीं. उंगली का."

यंत्र तिला ठाऊक होतं तर. मी खिशातून काढून बोटाला लावलं, आकडा स्थिर होईपर्यंत दोघी गप्प.

"नवासी," मी म्हटलं.

"ठीक है," ती म्हणाली. "अब खाना खा ले."